आतलं कार्ड, बाहेरचं डोंगल

लॅपटॉपमध्ये वाय-फाय आधीच आहे आणि तरी यूएसबीत आणखी एक वाय-फाय डोंगल लावलं, तर मशीनमध्ये दोन रेडिओ होतात. दोन्ही एकाच राउटरला जोडले जातात, दोघांनाही आपापला आयपी पत्ता मिळतो, आणि व्हॉट्सॲप वेबवर तुम्ही टाइप केलेला ‘हो’ नेमका कुठल्या रेडिओतून बाहेर पडणार हे ठरवायची वेळ ऑपरेटिंग सिस्टिमवर येते. ती हे एका आकड्यावरून ठरवते. प्रत्येक वाटेला एक ‘मेट्रिक’ असतं. ज्या वाटेचं मेट्रिक कमी, त्या वाटेने पॅकेट जातं. उबुंटू, फेडोरा वगैरे लिनक्समध्ये नेटवर्कमॅनेजर नावाचा प्रोग्रॅम पहिल्या वाय-फायला ६०० देतो आणि दुसऱ्याला ६०१. लॅपटॉप सुरू होताना आतलं कार्ड आधी जोडलं जातं, म्हणून ६०० त्याचं. हौसेने आणलेलं दोन अँटेनांचं डोंगल ६०१ घेऊन शेजारी नुसतं बसून राहतं. सिग्नलच्या कांड्या फुल, पण स्पीड होता तेवढाच.

विंडोज हा आकडा जोडणीच्या वेगावरून स्वतःच काढतं, त्यामुळे तिथे कधी आतलं जिंकतं, कधी बाहेरचं. कंटाळून लोक डिव्हाइस मॅनेजर उघडतात, आतल्या कार्डावर राइट क्लिक करतात आणि ते ‘डिसेबल’ करून टाकतात. लिनक्सवाले नेटवर्कमॅनेजरला सांगतात की आतल्या कार्डाकडे तू बघूच नकोस. दोन मिनिटांचं काम आहे आणि कुणीही सांगेल.

मला त्या दोन मिनिटांपेक्षा त्यामागची पंचवीस-तीस वर्षं जास्त रंजक वाटतात. माझ्या वयाच्या, म्हणजे तिशीच्या अलीकडच्या बहुतेकांनी वाय-फाय नसलेला लॅपटॉप वापरलेलाच नाही. आतलं कार्ड आपल्याला लॅपटॉपचा अवयव वाटतो आणि बाहेरचं डोंगल म्हणजे जुगाड. इतिहासात क्रम नेमका उलटा आहे. वाय-फाय बाहेरूनच आलं. ते आत कुणी नेलं, आत गेल्यावर त्याच्यावर कुणाचा हक्क राहिला आणि लोकांना पुन्हा बाहेर का यावं लागलं, ही खरी गोष्ट आहे.

०००

मे १९८५ मध्ये अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, रेडिओलहरींचे तीन पट्टे विनापरवाना संपर्कासाठी खुले केले. या निर्णयामागे मायकेल मार्कस नावाचा त्यांचाच एक इंजिनिअर होता. त्या पट्ट्यांवर तेव्हा फारसं कुणाचं प्रेम नव्हतं. मायक्रोवेव्ह ओव्हनसारखी यंत्रं तिथे आवाज करत असत, त्यामुळे ती जवळजवळ कचराकुंडीच मानली जायची. त्यातलाच एक २.४ गिगाहर्ट्झचा.

या कचऱ्यात सोनं बघणारी कंपनी होती एनसीआर. नावातली अक्षरं नॅशनल कॅश रजिस्टरची, धंदा दुकानातल्या गल्ल्याच्या मशीनचा. दुकानाची मांडणी बदलली की काउंटर हलतात आणि प्रत्येक वेळी वायरी नव्याने टाकाव्या लागतात. हे टाळायला नेदरलंड्समधल्या उट्रेख्त शहराजवळ त्यांच्या इंजिनिअरांनी वेव्हलॅन नावाचं बिनतारी कार्ड बनवलं. त्याच गटातले विक हेस पुढे ८०२.११ हे मानक ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले आणि वाय-फायचे जनक म्हणून ओळखले जाऊ लागले. म्हणजे आज आपण ज्यावर रील्स बघतो ते गल्ल्याच्या वायरी वाचवायला निघालं होतं!

वेव्हलॅन आधी डेस्कटॉपमध्ये बसायचं. लॅपटॉपसाठी ते पीसीएमसीआयए कार्डाच्या रूपात आलं. हे कार्ड साधारण एटीएम कार्डाएवढं, जरा जाड. लॅपटॉपच्या बाजूला एक खाच असायची, त्यात ते सरकवायचं. अँटेना असलेला भाग खाचेबाहेर राहायचा, त्यामुळे लॅपटॉपने जीभ बाहेर काढल्यासारखं दिसायचं. (पीसीएमसीआयए या नावाची इंग्रजीत एक फोड प्रसिद्ध आहे: संगणक उद्योगातली लघुरूपं लोकांच्या लक्षात राहत नाहीत, अशा अर्थाची.) १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक आलं तेव्हा वेग होता २ एमबीपीएस. १९९९ मध्ये ८०२.११बी आलं आणि तो ११ झाला.

या बाहेरच्या कार्डांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. लॅपटॉप एका कंपनीचा, कार्ड दुसऱ्या कंपनीचं, आणि त्याबद्दल कुणाचंच काही म्हणणं नसायचं. ल्यूसंट कंपनीची ओरिनोको कार्डं तेव्हा नावाजलेली होती, सिल्व्हर आणि गोल्ड अशी दोन प्रकारांत. कार्डाच्या टोकाला एक बारीक टोपण असायचं आणि त्याखाली बाहेरची अँटेना जोडायचं भोक. २००१ च्या सुमाराला लोकांनी प्रिंगल्स वेफर्सच्या रिकाम्या डब्यांच्या अँटेना करून त्या अशा कार्डांना जोडल्या आणि लांबच्या इमारतींपर्यंत सिग्नल पोचवला. रेडिओ तुमचा, अँटेना तुमची. लॅपटॉपने फक्त खाच द्यायची.

०००

२१ जुलै १९९९. न्यूयॉर्कला मॅकवर्ल्डमध्ये स्टीव्ह जॉब्जने आयबुक दाखवला. इंटरनेट चालू असलेला लॅपटॉप त्याने हातात उचलला, वायर नाही हे पटवायला तो जादूगारासारखा हुला हूपच्या रिंगणातून फिरवला आणि लोक ओरडायला लागले. त्याच कार्यक्रमात फिल शिलरने आयबुक हातात धरून उंचावरून खालच्या गादीवर उडी मारली. पडतानाची आकडेवारी हवेतूनच दुसऱ्या मशीनवर जात होती.

या तमाशात तांत्रिक बदल झाकला गेला. ॲपलचं एअरपोर्ट कार्ड म्हणजे मुळात ल्यूसंटचंच कार्ड होतं, फक्त बाहेर येणारी जीभ कापलेली. ते कीबोर्डच्या खाली बसायचं आणि अँटेना आयबुकच्या प्लास्टिकच्या अंगातच घातलेली होती. कार्डाची किंमत वेगळी, ९९ डॉलर. हवं असेल तर घ्या, कीबोर्ड उचला आणि लावा. कार्ड अजून गिऱ्हाइकाच्या हातात होतं, पण अँटेना कायमची लॅपटॉप बनवणाऱ्याकडे गेली.

आतल्या अँटेनाची बाजूही मांडायला हवी, कारण डोंगलप्रेमी ती सांगत नाहीत. लॅपटॉपमध्ये अँटेनाच्या तारा सहसा स्क्रीनच्या कडेने वर नेलेल्या असतात. टेबलापासून उंच आणि दोन वेगळ्या जागी, त्यामुळे एकीला सिग्नल कमी पडला तर दुसरी असते. बाहेर काही लोंबत नाही, बॅगेत मोडत नाही, बॅटरी कमी खातं. बोटाच्या पेराएवढं ते स्वस्त नॅनो डोंगल यापुढे टिकत नाही. भौतिकशास्त्राचा नियम आहे, एवढ्याशा जागेत अँटेना तरी किती मावणार? शिवाय निळ्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये लावलं तर आणखी एक भानगड होते. यूएसबी ३.० च्या तारांमधून होणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो. इंटेलने स्वतःच २०१२ मध्ये यावर टिपण प्रसिद्ध केलं होतं. म्हणून जाणकार लोक डोंगल थेट पोर्टमध्ये न खुपसता हातभर एक्स्टेन्शन केबलला लावून लांब ठेवतात. मोठ्या अँटेनाचं डोंगल आणि अशी केबल असेल तर गोष्ट वेगळी, मग आतलं कार्ड हरू शकतं.

तर, आत जाण्यात शहाणपण होतं. तक्रार सुरू होते ती पुढे.

०००

१२ मार्च २००३ ला इंटेलने सेंट्रिनो आणलं. सेंट्रिनो ही चिप नव्हती, तो स्टिकर होता. लॅपटॉपमध्ये तीन गोष्टी इंटेलच्या असल्या तरच तो मिळायचा: पेंटियम एम प्रोसेसर, इंटेलचा चिपसेट आणि इंटेलचं वाय-फाय कार्ड. जाहिरातीसाठी इंटेलने ३० कोटी डॉलर बाजूला काढले होते. लॅपटॉप कंपनीने प्रोसेसर इंटेलचा घेतला आणि वाय-फाय दुसऱ्याचं बसवलं, तर स्टिकर नाही आणि जाहिरातीच्या पैशांत वाटाही नाही.

गंमत बघा. सेंट्रिनोतलं पहिलं वाय-फाय कार्ड फक्त ८०२.११बी, म्हणजे ११ एमबीपीएसचं. त्याच वर्षी जूनमध्ये ५४ एमबीपीएसचं ८०२.११जी मंजूर झालं, आणि ब्रॉडकॉमच्या चिपा त्याच्या मसुद्यावर बनून त्याआधीच बाजारात होत्या. इंटेलचं जी कार्ड २००४ उजाडल्यावर आलं. म्हणजे मधल्या काळात नवाकोरा, महागडा, स्टिकरवाला लॅपटॉप घेणाऱ्याच्या मशीनमध्ये जुन्या पिढीचा रेडिओ होता, आणि शेजारच्या दुकानात पाचपट वेगाचं पीसी कार्ड विकत मिळत होतं. आतलं बंद करून बाहेरचं लावण्याचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा इथे आला असं मला वाटतं. आतलं तिथे होतं ते ३० कोटींच्या जाहिरातीमुळे, चांगलं होतं म्हणून नाही.

तरी सेंट्रिनो जिंकलं. विमानतळ, हॉटेलं, कॉफीची दुकानं सगळीकडे वाय-फाय लागलं आणि वाय-फाय नसलेला लॅपटॉप बनवणं जवळपास थांबलं. आपल्याकडे भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त करणारे नियम काढले ते जानेवारी २००५ मध्ये. आपल्या घरांत वाय-फाय शिरेपर्यंत बाहेरच्या कार्डाचं युग मावळत आलं होतं. बाहेरचं म्हणजे जुगाड, हा आपला समज तिथून आलेला असणार.

०००

आतलं कार्ड मिनी-पीसीआय नावाच्या खाचेत बसायचं. लॅपटॉप उलटा करा, एक-दोन स्क्रू काढा, बारीक अँटेनाच्या दोन तारा चिमटीत धरून उपटा, जुनं कार्ड काढा, नवं लावा. खाच प्रमाणित होती, म्हणजे कुणाचंही कार्ड तिच्यात बसावं यासाठीच ती होती.

बसायचंही. फक्त लॅपटॉप सुरू व्हायचा नाही.

आयबीएमच्या आणि नंतर लेनोवोच्या थिंकपॅडांवर काळ्या पडद्यावर १८०२ क्रमांकाची चूक यायची: अनधिकृत नेटवर्क कार्ड लावलेलं आहे, मशीन बंद करून ते काढा. एचपीवर तीच चूक १०४ क्रमांकाने यायची. बायॉसमध्ये मंजूर कार्डांची एक यादी असायची, तिला व्हाइटलिस्ट म्हणतात. यादीत नाव नसेल तर विंडोज किंवा लिनक्स सुरू होण्याआधीच मशीन हात वर करायचं. हार्ड डिस्क बदला, रॅम वाढवा, काही नाही. वाय-फाय कार्डाला हात लावला की अडवणूक.

कंपन्यांचं उत्तर असं की रेडिओ आणि अँटेना यांच्या जोडीला मिळून सरकारी मंजुरी घेतलेली असते. जोडी बदलली तर मंजुरी राहत नाही आणि जबाबदारी आमच्यावर येते. यात तथ्य नाही असं नाही. पण तपासणी चिपची नव्हती, ओळखक्रमांकाची होती. त्याच इंटेलची, त्याच मॉडेलची, शब्दशः तीच चिप, पण दुसऱ्या लॅपटॉप कंपनीसाठी छापलेली असेल तर १८०२. आपल्या कंपनीकडून सुटा भाग म्हणून विकत घेतली तर मुकाट्याने चालू. अँटेनाला या दोन कार्डांतला फरक कळत नाही. गल्ल्याला कळतो.

आणि याच लॅपटॉपच्या यूएसबीमध्ये जगातलं कुठलंही डोंगल लावा, बायॉस चकार शब्द काढत नाही. डोंगल स्वतःच्या अँटेनासकट स्वतंत्र मंजुरी घेऊन आलेलं असतं, त्याची जबाबदारी त्याच्या कंपनीवर.

लोक गप्प बसले नाहीत. काही जुन्या थिंकपॅडांमध्ये सीमॉस नावाच्या छोट्या मेमरीतला एकच बिट बदलला की १८०२ यायचं थांबायचं, आणि त्यासाठी नो-१८०२ नावाचा इवलासा प्रोग्रॅम फिरायचा. कुणी बायॉसच फोडून यादी काढून टाकली. एक जुगाड तर मला फार आवडतो. मिनी-पीसीआयई कार्डाच्या विसाव्या पिनवरून रेडिओ बंद करण्याचा इशारा येतो. लॅपटॉपच्या बाजूचं वाय-फायचं बटण मोडलं, किंवा नव्या कार्डाला तो इशारा चुकीचा समजला, की कार्ड कायमचं बंद पडतं. उपाय काय, तर विसाव्या पिनवर चिकटपट्टीची बारीक चिंधी लावायची. आमच्या हॉस्टेलवर एका सीनियरच्या सेकंडहँड लॅपटॉपमध्ये अशी चिंधी होती. दर पावसाळ्यात ती सुटायची आणि तो नेलकटरचा स्क्रू-ड्रायव्हर शोधत खोल्या-खोल्यांतून हिंडायचा. शेवटी त्याने नाद सोडला आणि डोंगल घेतलं.

०००

कार्ड कंपनीनेच बसवलेलं असलं तरी ते चालेलच असं नव्हतं. विंडोजवर चालायचं. लिनक्सवर काय व्हायचं, ते सांगतो.

ब्रॉडकॉमची चिप त्या काळी कितीतरी लॅपटॉपांत होती, आणि ती कशी चालते याचे कागद कंपनी कुणाला देत नव्हती. मग दोन वाटा निघाल्या. एक एनडीआयएस-रॅपर: विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हरच लिनक्सच्या पोटात घालायचा आणि त्याला आपण विंडोजमध्ये आहोत असं भासवायचं. चालायचं, कधी अख्खं मशीन घेऊन बसायचं. दुसरी वाट चिवट लोकांची. एका गटाने ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर चिपशी काय बोलतो ते उलगडून त्याचं वर्णन लिहिलं, आणि दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरला हात न लावता केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. कुणी चोरीचा आरोप करू नये म्हणून मध्ये ही भिंत. तो ड्रायव्हर जून २००६ मध्ये लिनक्स कर्नल २.६.१७ मध्ये आला.

तरी एक अडचण उरली. चिपच्या आत चालणारं फर्मवेअर ब्रॉडकॉमचं होतं आणि ते वाटायची परवानगी नव्हती. ते प्रत्येकाने विंडोजच्या ड्रायव्हरमधून स्वतः कापून काढायचं. त्यासाठी कापायचा प्रोग्रॅम इंटरनेटवरून उतरवायचा, आणि इंटरनेट येणार वाय-फायवरून, जे या फर्मवेअरशिवाय चालत नाही! अशा वेळी कुणाचं तरी डोंगल उसनं आणायचं. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून असेल तर लावताक्षणी चालू. त्यावरून आतल्या कार्डाचं सामान उतरवायचं, बसवायचं, आणि डोंगल परत करायचं. लिनक्स टाकणाऱ्यांच्या टोळक्यांत असं एखादं डोंगल सार्वजनिक मालमत्तेसारखं फिरत असतं. आतून बाहेर आणि बाहेरून परत आत, एवढा प्रवास एका संध्याकाळचा.

इंटेल ब्रॉडकॉमपेक्षा उदार होतं, पण २००६ मधल्या ३९४५ या कार्डासोबत त्यांनी एक बंद प्रोग्रॅम दिला. तो पार्श्वभूमीला सतत चालवावा लागायचा, कारण कुठल्या चॅनेलवर किती ताकदीने बोलायचं हे तो ठरवणार. लोकांनी आरडाओरडा केला आणि पुढच्या ड्रायव्हरमधून तो गेला. अथेरॉसचंही तसंच. त्यांच्या चिपांचा ड्रायव्हर अर्धा खुला आणि मधला एक थर बंद होता. कारण तेच: आमच्या चिपला सॉफ्टवेअर सांगेल ती फ्रिक्वेन्सी आणि ताकद पकडता येते, मग नियामकाला काय उत्तर द्यायचं?

इथे या भांडणातला तिसरा भिडू दिसतो, सरकार. लॅपटॉपचा मालक, लॅपटॉपची कंपनी आणि लहरींचा रखवालदार. तिसऱ्याचं म्हणणं उडवून लावता येत नाही. ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनेलवर हवामानाची रडार चालतात आणि कुणाच्या तरी हौशी फर्मवेअरमुळे त्यांच्या पडद्यावर रेघा उमटलेल्या कुणालाच नको आहेत. पण रखवालदाराच्या भीतीने कंपन्या गरजेपेक्षा मोठं कुलूप लावतात. २०१६ मध्ये एफसीसीने टीपी-लिंकला काही राउटर ठरल्यापेक्षा जास्त ताकदीने चालवू दिल्याबद्दल २ लाख डॉलर भरायला लावले. त्याच समझोत्यात, कुलूप लावताना तिऱ्हाइतांचं खुलं फर्मवेअर चालू देण्याचा मार्ग शोधा, असंही कबूल करून घेतलं. मला हा निकाल आवडतो. ताकदीची मर्यादा पाळायची आणि मशीनही मालकाच्या हातात ठेवायचं, हे एकत्र जमतं असं रखवालदारानेच म्हटलं होतं.

अथेरॉसने २००८ मध्ये कूस बदलली. उलगडाउलगडी करणाऱ्या लोकांपैकी काहींना नोकरीवर घेतलं आणि ९के मालिकेच्या चिपांचा पूर्ण खुला ड्रायव्हर दिला. २०१३ मध्ये, तोवर अथेरॉस क्वालकॉमच्या मालकीची झाली होती, एआर९२७१ या यूएसबी डोंगलच्या चिपचं फर्मवेअरसुद्धा खुलं केलं.

०००

डोंगलवाले सगळे संत होते असं मात्र नाही.

डोंगल हा शब्द माझ्या पिढीच्या घरांत वाय-फायवरून आला नाही. तो टाटा फोटॉन प्लस आणि रिलायन्स नेटकनेक्टवरून आला, मोबाइल नेटवर्कवर चालणाऱ्या डेटा कार्डांवरून. ती लावली की लॅपटॉपला आधी सीडी ड्राइव्ह लावल्यासारखं दिसायचं. त्या खोट्या सीडीत विंडोजचा ड्रायव्हर असायचा, तो टाकून झाला की डोंगल वेश बदलून मॉडेम व्हायचं. लिनक्सवर ते सीडीच राहायचं. त्याला ‘वेश बदल’ असं सांगणारा यूएसबी-मोडस्विच नावाचा प्रोग्रॅम लोकांनी लिहिला. आजही रिअलटेकच्या चिपांची काही वाय-फाय डोंगलं हेच सोंग घेतात.

दुसरी खोड नावाची. टीपी-लिंकचं डब्ल्यूएन७२२एन हे डोंगल लिनक्सवाल्यांत लाडकं झालं, कारण आत वर सांगितलेली एआर९२७१ चिप. दुसऱ्या आवृत्तीपासून नाव तेच, रूप तेच, आत मात्र रिअलटेकची वेगळीच चिप. आवृत्ती क्रमांक खोक्यावर बारीक अक्षरात. नाव ऐकून मागवणाऱ्यांना ते लावल्यावर कळतं. रिअलटेकचे कितीतरी ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर राहिले, कुणीतरी फावल्या वेळात सांभाळलेले. कर्नल अपडेट झाला की डोंगल गतप्राण. यातल्या काही चिपांना कर्नलमध्येच जागा मिळाली ती २०२३ च्या सुरुवातीला, ६.२ आवृत्तीत.

बाहेरच्या अडॅप्टरचा खरा मान राखला तो सुरक्षा तपासणाऱ्यांनी. आजूबाजूच्या हवेतली सगळी पॅकेट नुसती ऐकत राहण्याला मॉनिटर मोड म्हणतात. आतल्या बऱ्याच कार्डांना तो नीट जमत नाही, आणि जमला तरी ऐकताना इंटरनेट तुटतं. म्हणून त्यांच्याकडे आतलं कार्ड इंटरनेटला आणि बाहेरचं ऐकायला, अशी वाटणी. अल्फा कंपनीचं रिअलटेक ८१८७ चिपवालं, पाच-सहा इंच अँटेनाचं डोंगल या लोकांत अनेक वर्षं घराघरात होतं. (अर्थात स्वतःच्या किंवा परवानगी दिलेल्या नेटवर्कवरच. शेजाऱ्याचं नेटवर्क त्यात येत नाही.) अदलाबदल करायची गरजच नाही, दोघांना दोन कामं. दोन रेडिओंच्या लॅपटॉपचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

०००

व्हाइटलिस्टा हळूहळू विरळ झाल्या. पण आज त्या लागतही नाहीत. पातळ लॅपटॉपांत वाय-फाय चिप बोर्डालाच सोल्डर केलेली असते, काढायला काही नाहीच. जिथे कार्ड सुटं आहे तिथे इंटेलने साधारण २०१७-१८ पासून आणलेली सीएनव्हीआय पद्धत आहे. यात वाय-फायचा मेंदू प्रोसेसर-चिपसेटमध्ये नेला आणि कार्डावर फक्त रेडिओचा भाग ठेवला. एएक्स२०० आणि एएक्स२०१ ही दोन कार्डं दिसायला भावंडं, एकाच खाचेत बसतात. २०० पूर्ण कार्ड आहे, एएमडीच्या लॅपटॉपमध्येही चालतं. २०१ अर्धं आहे, त्याचा दुसरा अर्धा भाग इंटेलच्या प्रोसेसरसोबतच येतो. स्वस्तात मिळालं म्हणून २०१ आणून एएमडीच्या मशीनमध्ये लावलं तर कुठलीही चूक दिसत नाही, कार्डच दिसत नाही.

आणि आतलं कार्ड आता अख्खा लॅपटॉप अडवू शकतं. भारतात वायरलेस उपकरण आणायला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मंजुरी लागते. चीनशी संबंध ताणल्यावर, २०२० च्या अखेरीपासून चिनी वाय-फाय मॉड्यूल असलेल्या मालाच्या मंजुऱ्या रखडल्या. रॉयटर्सने मे २०२१ मध्ये दिलेल्या बातमीनुसार ८० हून जास्त अर्ज पडून होते आणि डेल, एचपी, लेनोवो, शाओमी यांना नवी मॉडेलं पुढे ढकलावी लागत होती. तो वर्क फ्रॉम होम आणि ऑनलाइन शाळेचा दुसरा उन्हाळा होता, लॅपटॉपला मागणी अशी की विचारू नका. स्क्रीन तयार, प्रोसेसर तयार, आणि अडलं कशावर, तर पोस्टाच्या तिकिटाएवढ्या कार्डावर. ते सुटं असतं, गिऱ्हाइकाने आपल्या आवडीचं लावायचं अशी १९९९ ची पद्धत असती, तर निदान लॅपटॉप तरी आले असते.

लिनक्समध्ये आज नेटवर्कची यादी काढली तर आतलं-बाहेरचं नावावरूनच कळतं. पूर्वी सगळ्यांना डब्ल्यूलॅन शून्य, डब्ल्यूलॅन एक अशी नावं मिळायची आणि रीस्टार्ट केल्यावर शून्याचं एक व्हायचं. २०१३ पासून नाव जागेवरून पडतं. आतलं कार्ड कितव्या बसवर, कितव्या खाचेत आहे ते त्याच्या नावात येतं. उबुंटूत यूएसबी डोंगलच्या नावात त्याचा स्वतःचा मॅक पत्ता येतो, कुठल्याही पोर्टमध्ये लावलं तरी तोच. आतल्याची ओळख लॅपटॉपवरून ठरते, बाहेरचं आपली ओळख सोबत घेऊन फिरतं.

एआर९२७१ ची डोंगलं अजून विकली जातात. वेग कागदावर १५० एमबीपीएस, पट्टा फक्त २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे शेजारच्या दहा फ्लॅटच्या राउटरांच्या गर्दीत. त्यानंतर वाय-फाय ५, ६, ७ आले, पण फर्मवेअरसकट खुलं असं या पिढ्यांमधलं एकही यूएसबी अडॅप्टर माझ्या पाहण्यात नाही. ज्यांना आपल्या रेडिओत काय चाललंय ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचता यायला हवंय, असे काही लोक आजही लॅपटॉपमधलं वाय-फाय ६ चं कार्ड बंद करतात आणि हे जुनं डोंगल लावून ६०० मेट्रिक त्याला देतात.